मुंबई बंदराचं दुसरं टोक

मुंबईचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली, तो करार १६६१चा. १६६८ साली राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. मग किल्ला आला, गोद्या आल्या, पारशी आणि भाटिया व्यापारी आले, बेटांमधल्या खाड्या बुजल्या, गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि शेवटी गेटवे ऑफ इंडिया. या गोष्टीत जे येतं ते सगळं समुद्राकडून येतं. पण जहाजं रिकामी परत जात नव्हती. ती काय भरून नेत होती, तो माल कुठल्या मातीत पिकला, कुणी वेचला, कुणी गाठी बांधल्या, घाटाखाली कुणी उतरवला, याला या इतिहासात फार तर अर्धं वाक्य मिळतं: ‘दख्खनचा कापूस’.

त्या अर्ध्या वाक्यात आपलं सोलापूर आहे, बार्शी आहे, लातूर-उस्मानाबादकडचा निजामाचा मुलूख आहे. मला ठामपणे वाटतं की मुंबई बंदराचा इतिहास सोलापुरात बसून लिहिला गेला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे कागद याच शहरात, आताच जमा झाले पाहिजेत. मुंबईपासून रेल्वेने साडेचारशे किलोमीटर दूरच्या शहराने बंदरावर हक्क सांगणं काहींना विचित्र वाटेल. म्हणून आधी हिशेब मांडतो.

रेल्वेच्या आधी घाटावरचा माल मुंबईला जायचा तो बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून. बोरघाट उतरून पनवेल, आणि तिथून गलबतांनी मुंबई. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा ही वाट थोडी सुकर झाली, पण पावसाळ्याचे महिने वायाच जायचे. वाटेत कापूस भिजायचा, धुळीने माखायचा, आणि मँचेस्टरचे गिरणीवाले हिंदुस्थानी कापसाला नावं ठेवायचे. त्यांना स्वच्छ, स्वस्त आणि वेळेवर पोहोचणारा कापूस हवा होता. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मागे लागलेला जोर त्यांचा होता. कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिली, आणि कमाई कमी पडली की ती भरून निघायची इथल्या महसुलातून. म्हणजे सोलापूरच्या शेतकऱ्याच्या घरी रूळ पोहोचायच्या आधीच त्याने त्या रुळांचे पैसे मोजायला सुरुवात केली होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी आपल्या मुलांना पाठ असते. जून १८६० मध्ये मोहोळहून सोलापूरला रूळ पोहोचले, ही तारीख मात्र सोलापुरातल्याही फारच थोड्या मुलांना सांगता येईल. तेव्हा बोरघाटातले बोगदे अजून फोडले जात होते. घाट पुरा झाला १८६३ साली, आणि त्या कामावर कॉलऱ्याने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. मजुरीवरून १८५९ मध्ये तिथे दंगलही झाली होती. १८७१ पर्यंत हीच लाइन रायचूरला जाऊन मद्रासच्या लाइनला मिळाली. पुढे १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, अडीच फुटी रुळांची. ती पंढरपूर, लातूर आणि अखेर मिरजेपर्यंत गेली. आज ज्याला आपण कुर्डुवाडी म्हणतो त्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव बार्शी रोड, कारण रेल्वेच्या लेखी महत्त्व होतं ते बार्शीच्या पेठेला. कापूस, जवस, करडई, सगळं तिथे उतरायचं आणि मुंबईकडे रवाना व्हायचं.

नकाशा डोळ्यांपुढे आणला तर दिसतं की मुंबईच्या गोद्यांच्या मागे लोखंडाची एक लांब वाट होती, आणि ती बंदराइतकीच बंदराचा भाग होती. पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला १८७३ साली, ससून डॉक १८७५ची, प्रिन्सेस डॉक १८८०ची. रूळ आधी आले, या मोठ्या गोद्या नंतर. माल येत होता म्हणून धक्के वाढवावे लागले. मुंबईच्या इतिहासकारांनी हा क्रम कधी लपवलेला नाही, पण त्यातून जे निघतं तेही कधी नीट मांडलेलं नाही.

या वाटेने मालाबरोबर भावही प्रवास करायचा, आणि तो उलट दिशेने यायचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, लिव्हरपूलला अमेरिकेचा कापूस येईना, आणि आपल्या कापसाचा भाव चढत गेला. मुंबईत शेअरचा सट्टा पेटला, बॅकबेच्या भरावाच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि डोलारा कोसळला. मुंबईच्या या पडझडीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. कोण बुडाला, कुठली बँक बुडाली, सगळं नावानिशी. पण चढत्या भावाच्या भरवशावर घाटावरच्या शेतकऱ्याने सावकाराकडून जे कर्ज उचललं होतं, त्याचं काय झालं? भाव उतरला, शेतसारा उतरला नाही, व्याज थांबलं नाही. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि तो वणवा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. चार वर्षांनी सरकारने कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आणला तो चार जिल्ह्यांसाठी: पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर. मुंबईच्या सट्ट्याची खरी शेवटची नोंद या कायद्यात आहे, असं मी मानतो. बंदराचा इतिहास लिहिणाऱ्याला तो कायदा शेतीच्या कपाटात सापडतो, म्हणून तो उघडत नाही.

मध्ये १८७६-७७चा दुष्काळ येऊन गेला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. देशात माणसं मरत असतानाही व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने धान्याच्या निर्यातीवर बंदी घालायला नकार दिला, कारण व्यापारात हात घालायचा नाही हे त्याचं तत्त्व होतं. दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा पुरेसा आहे, असं दुष्काळाच्या पाहणीसाठी सरकारने पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने ठरवलं. त्या मजुरीविरुद्ध मुंबई इलाख्यातल्या कामांवर माणसं काम सोडून निघून गेली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. स्टेशनवर धान्य होतं, मालगाडीत धान्य होतं. ते घ्यायला हातात पैसा नव्हता.

आणि याच १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, जिला आपण सगळे जुनी मिल म्हणतो. ती काढली मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी. गिरणीची योजना दुष्काळाच्या आधीची होती, तेव्हा एकातून दुसरं झालं असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण पहिल्या दिवसांत तिच्या फाटकापुढे काम मागायला उभा राहिलेला माणूस कुठल्या अवस्थेत असेल, याचा विचार केल्याशिवाय गिरणीच्या स्थापनेचा गौरव करायला माझं मन धजत नाही. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल अशा गिरण्या निघाल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले आणि शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलू लागला. गिरणीचं सूत त्यांच्या मागांवर गेलं. गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारलेल्या लोकांना तारेच्या कुंपणात डांबलं होतं, त्यांनाही गिरण्यांत कामाला लावलं गेलं. ‘सेटलमेंट’ हे नाव त्या वस्तीला आजही चिकटून आहे. १८९६ पासून इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली, ती केवळ मँचेस्टरच्या मालाला अडचण होऊ नये म्हणून, आणि ती उठायला १९२५ उजाडलं. मुंबईच्या गिरण्यांचं या कराने काय नुकसान झालं हे पुस्तकांत सापडतं. सोलापूरच्या गिरण्यांनाही तोच कर होता.

इथपर्यंतचा सोलापूरचा भाग सोसण्याचा वाटेल. पण याच काळात बंदराच्या राजकारणात या शहराचा हात थेट पोहोचला, आणि ती गोष्ट तर आपणच सांगत नाही.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापूरचा, १८८२चा. घर दिगंबर जैन व्यापाऱ्याचं, पेढी कापसाची आणि सावकारीची. वालचंदांचं मन पेढीवर रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक या भागीदाराबरोबर त्यांनी ठेकेदारीला हात घातला तो बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने. म्हणजे ज्या रुळांवरून कापूस बंदराकडे जायचा, ते रूळ टाकत हा माणूस मोठा झाला. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांना एक जहाज विक्रीला असल्याचं कळलं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धात इस्पितळ-जहाज म्हणून दिलेलं ‘लॉयल्टी’. ते घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळला जातो. या कंपनीत वालचंदांबरोबर जे होते त्यांत नरोत्तम मोरारजी होते, आणि अध्यक्षपद त्यांच्याकडेच गेलं. नरोत्तम हे जुनी मिल काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव.

या जोडीवर थोडं थांबायला हवं. भारतीयांच्या मालकीची पहिली मोठी समुद्रावरची आगबोट कंपनी काढणाऱ्या माणसांत एक सोलापूरच्या कापूस-पेढीतून आलेला, दुसऱ्याच्या वडिलांनी सोलापूरची पहिली गिरणी काढलेली. आपला माल परक्याच्या जहाजातून, परक्याने ठरवलेल्या भाड्याने जातो, ही बोच मुंबईच्या धक्क्यावर उभं राहून जितकी कळते त्याहून जास्त ती माल पाठवणाऱ्या पेठेत कळते. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला तरी ती टिकली. १९४१ साली वालचंदांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. पायाभरणी राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झाली. तिथे बांधलेलं ‘जलउषा’ १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. सोलापुरात वालचंदांच्या नावाची कॉलेजं आहेत, त्यांच्या गाड्या रोज भरून येतात-जातात. पण ५ एप्रिलला या शहरात एखादा कार्यक्रम होत असेल तर तो माझ्या कानावर आलेला नाही.

याचं कारण आपण आपला इतिहास जसा सांगतो त्यात आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांपासून आपण निघतो, भुईकोट किल्ल्यावर घटकाभर थांबतो आणि तिथून थेट १२ जानेवारी १९३१ला येरवड्याला पोहोचतो, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या फाशीपाशी. हे दोन्ही टोकांचे मान योग्यच आहेत. पण मधली सत्तर वर्षं, १८६० ते १९३०, ही व्यापाराची आणि गिरण्यांची वर्षं, आपण गाळून टाकतो. ती गाळली की हुतात्म्यांची गोष्टही अर्धवट राहते. गांधीजींना ५ मे १९३० रोजी अटक झाल्यावर देशात अनेक शहरांत हरताळ झाले. पोलिसांना शहर सोडायला लागलं आणि मार्शल लॉ पुकारावा लागला तो सोलापुरात. का? कारण इथे हजारो गिरणी कामगार एकमेकांना खेटून राहत होते, आदल्या दहा वर्षांत संपाची सवय झाली होती, आणि विदेशी कापडावर बहिष्कार म्हणजे काय हे कापड विणणाऱ्या माणसाला भाषणातून समजावून द्यावं लागत नव्हतं. कुर्बान हुसेन हे पत्रकार होते आणि कामगारांचे पुढारीही. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना आपण ज्या रुळांवरून जातो, ते त्या गोष्टीतलंच एक पात्र आहे.

स्वातंत्र्यानंतरची एक गोष्ट तर कायदा शिकणाऱ्या देशभरच्या विद्यार्थ्यांना माहीत असते आणि सोलापूरकरांना नसते. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. राज्यघटना लागू होऊन काही महिनेच झाले होते तेव्हा एक भागधारक, चरणजीतलाल चौधरी, सर्वोच्च न्यायालयात गेला. समतेच्या हक्काचा अर्थ लावणाऱ्या अगदी पहिल्या निकालांत तो निकाल मोजतात. मग द्वारकादास श्रीनिवास यांचा खटला आला, आणि त्यात न्यायालयाने भरपाई न देता घेतलेला ताबा घटनाबाह्य ठरवला. त्यावर उत्तर म्हणून १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती झाली. कामगारांची चूल पेटती ठेवण्यासाठी सरकारने खाजगी कारखान्यात कुठवर शिरावं, हा प्रश्न स्वतंत्र भारताने पहिल्यांदा या गावच्या गिरणीवरून भांडला.

यावर माझे काही मित्र म्हणतात, मुंबई नसती तर सोलापूर ज्वारीच्या शेतातलं एक मोठं खेडं राहिलं असतं. भांडवल मुंबईचं, यंत्रं बंदरातून आलेली, मग तक्रार कसली? यात पुष्कळ खरं आहे. मी तक्रार करतच नाही. दोघांनी मिळून उभारलेल्या व्यवहाराची वही एकाच्याच घरी का राहावी, एवढाच माझा प्रश्न आहे. आज सोलापूरच्या एखाद्या मुलीला आपल्या गावच्या गिरण्यांवर संशोधन करायचं असेल तर तिला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईच्या पुराभिलेखागारात जावं लागतं. परवडलं तर लंडनला. सरकारने काय ठरवलं ते तिथे सापडतं. आडत्याने काय भाव दिला, कामगाराने कर्ज कुठून काढलं, जॉबरने, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाने, कुणाला कामावर घेतलं, ते तिथेही सापडत नाही. ते इथेच आहे, घरांच्या माळ्यांवर.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. नळाला रोज पाणी येत नाही, तरुण पोरं पुण्याला निघून चाललीत, आणि तुम्हाला जुने कागद सुचतात? गिरण्या बंद पडल्यावर ज्या घरांमध्ये बायकांनी विड्या वळून संसार ओढला, त्या घरातल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर मान खाली घालून ऐकला पाहिजे. तरीही मी म्हणेन की हा प्रश्न आणि माझी मागणी वेगळ्या नाहीत. आज पालघरला वाढवण बंदर होतंय, ७६ हजार कोटींच्या घरातलं. आपले टॉवेल न्हावाशेवातून जातात, उद्या वाढवणमधून जातील. त्या बंदराच्या पाठीमागचा मुलूख कुठला, त्याला रेल्वे कुठून, गोदामं कुठे, भाव ठरवणारा कोण, हे प्रश्न आताच विचारायचे असतात, रूळ पडल्यावर नव्हे. १८६० साली ते विचारायची सोय आपल्याला नव्हती. आता आहे. पण तेव्हा काय झालं हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर आपले आमदार-खासदार मुंबई-दिल्लीत काय मागणार? जास्तीत जास्त एखाद्या नव्या गाडीचा थांबा.

२०२७ मध्ये जुन्या मिलला दीडशे वर्षं होतील, आणि २०३० मध्ये मार्शल लॉला शंभर. समारंभ होतीलच. कमानी उभ्या राहतील, स्मरणिका निघतील. त्याला माझा विरोध नाही. पण त्या पैशातला थोडा भाग आणि एक पक्की खोली या कामाला मिळावी. वारदांचं इंद्रभुवन म्हणजे व्यापाऱ्याच्या पैशातून उभी राहिलेली वास्तू, आणि तिथे महापालिका बसते. तिथे नाही तर विद्यापीठात, पण जागा शहराची हवी, एखाद्या संस्थेच्या मर्जीवरची नको. तिथे पेढ्यांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या याव्यात, गिरण्यांचे हजेरीपट, पगाराची कार्डं, कामगार संघटनांची पत्रकं, चाळींचे भाडेपट्टे यावेत. मूळ कागद ज्याचे त्याने घरी ठेवले तरी चालतील, छायाप्रत घ्यावी. सेटलमेंटमधल्या आणि पूर्व भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित व्हाव्यात. इथल्या व्यापाराने मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती अशा पाच भाषांत हिशेब ठेवला, तेव्हा त्या पाचही भाषा येणारी माणसं या कामावर हवीत. शाळांनी आपापल्या परिसरातल्या एका गिरणीची, एका पेठेची, एका चाळीची माहिती मुलांकडून गोळा करून घेतली तर निम्मं काम विनापैशाचं होईल.

चाटी गल्लीत आणि मंगळवार पेठेत वाडे पाडले जाताहेत. त्यांतल्या चोपड्या रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने जातात, आणि त्या बऱ्याचशा मोडीत आहेत. सराईतपणे मोडी वाचणारी माणसं शहरात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांतली बरीच वयस्कर आहेत. जमवाजमव २०२७ला समारंभपूर्वक सुरू करू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: वाचणाऱ्यांना बसवून दहा-वीस मुलांना मोडी शिकवण्याचं काम या वर्षीच सुरू व्हायला हवं.